बसलेली कोंबडी उठवत नाहीत

आमच्या कॉलनीत चार घरांत कुत्री आहेत, एका घरात पोपट आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यात काचेच्या पेटीत मासे. त्याला हौस म्हणतात. माझ्या परसात सहा कोंबड्या, त्याला मात्र घाण. लातूरच्या ह्या कॉलनीत निम्मे शिक्षक आणि निम्मे कचेरीतले लोक राहतात. बहुतेक सगळे खेड्यातून आलेले, लहानपणी चुलीपाशी कोंबड्या हुसकलेले. पण प्लॉट घेतला, गेटला ग्रॅनाइट लावलं, की माणसाला कोंबडीचा वास यायला लागतो. हे असं का होतं ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी चाकूर तालुक्यातल्या गावांत. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय, देवदेव? मी म्हणाले, कोंबड्या पाळणार. लोक हसले. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, तेही हसले, पण खुराड्याला जाळी त्यांनीच मारली.

कोंबड्या पाळणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने आठ दिवस पाळून दाखवाव्यात. जाळीखालची माती उकरून मुंगूस आत येतं. वरून घार टेहळते. शेजारचा बोका भिंतीवर असा ऐटीत बसतो, जणू मी त्याच्याच जेवणाची तयारी करतेय. एप्रिल लागला की कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. मग जाळीवर ओलं पोतं टाकायचं, आणि जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तिथे पोतं ओलं कसं ठेवायचं ते आपलं आपण बघायचं. उवा झाल्या की राखेत लोळवायचं. एखादी मलूल दिसली की काळजात धस्स होतं, कारण मानमोडीचा रोग शिरला तर दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. हे सगळं मी निस्तरलं आणि कुणाकडे रडले नाही. मला रडवलं ते माणसांनी.

माझी भाची ऑस्ट्रेलियात असते. तिच्याही परसात कोंबड्या आहेत. व्हिडिओ कॉलवर आम्हा मावशी-भाचीचं निम्मं बोलणं कोंबड्यांचंच. तिच्याकडे मुंगसाऐवजी कोल्हा येतो, तोही म्हणे शहरात. बाकी सगळं तेच, ऊन, उवा आणि शेजारी. ह्यांना त्याचा कोण अभिमान! कॉलनीच्या अध्यक्षांनी पहिल्यांदा कोंबड्यांचा विषय काढला तेव्हा हे छाती फुगवून म्हणाले, "साहेब, ऑस्ट्रेलियात चांगल्या चांगल्या घरची माणसं परसात कोंबड्या पाळतात."

अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कागदात मुरलेले. त्यांनी घरी जाऊन मोबाइलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी हजर. "तिथं वस्तीत कोंबडी चालते, कोंबडा नाही. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे." मी भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, "खरंय मावशी." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

माझा कोंबडा पहाटे पाचला आरवायचा. लातूर म्हणजे क्लासेसचं शहर, पाचला निम्म्या घरांत पोरं अभ्यासाला उठवतात. त्या गजरांचा त्रास कुणाला होत नव्हता, माझ्या कोंबड्याचा होत होता. तरी शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून मी मान तुकवली. ह्यांनी त्याला कापडी पिशवीत घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि स्कूटरला अडकवून बाजारात नेलं. परत आले ते पिशवीची घडी खिशात घालून.

पंधरा दिवसांत अध्यक्ष पुन्हा गेटवर. "मॅडम, कोंबडा गेला ते फार बरं झालं. आता कोंबड्यांचं पण बघा." बोट दिलं की हात धरायचा, ही माणसाची जातच. मला राग आला तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त. कोंबडा मी दिला होता, त्यांनी ओढून नेला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ह्याच अध्यक्षांच्या पत्नी दर आठवड्याला मागच्या दाराने स्टीलचा डबा घेऊन यायच्या. सून बाळंत झाली होती, तिला गावरान अंडी पाहिजेत. "ह्यांच्याजवळ बोलू नका हं," असं दर वेळी बजावून जायच्या. मी बोलले नाही. कॉलनीच्या भर मीटिंगमध्ये कोंबड्यांचा विषय निघाला तेव्हा जिभेच्या टोकावर आलं होतं, पण ती बाई माझ्या भरवशावर आली होती.

अशात एका संध्याकाळी आपा आली. आपा आमच्या भागात घरोघर बांगड्या भरते. कॉलनीतलं एकही डोहाळजेवण, एकही लग्न तिच्या पेटीशिवाय होत नाही. आमची दोघींची ओळख बांगड्यांची कमी आणि कोंबड्यांची जास्त. तिच्याकडे तिच्या आईकडून आलेलं वाण होतं, तांबड्या रंगाच्या आणि उघड्या मानेच्या कोंबड्या. मानेवर पीस म्हणून नाही. दिसायला ओबडधोबड, पण लातूरच्या उन्हाळ्यात ह्याच टिकतात. त्या दिवशी तिच्या हातात बांगड्यांची पेटी नव्हती. पदराखाली टोपली होती आणि डोळे सुजले होते.

"कुत्र्यांनी पत्रा उचकटला बाई," ती म्हणाली. "कोंबड्यासकट सगळ्या गेल्या. ही एकलीच माळ्यावर बसून व्हती, म्हणून वाचली. खुडूक झाली हाय, अंड्यावर बसायला बघती. आन् कोंड्यात ठेवलेली ही तेरा अंडी. आता हाय ते एवढंच."

तिच्या भाड्याच्या खोलीची मागची भिंत पत्र्याचीच होती, तीही आता उरली नव्हती. माझ्या परसाला चार भिंती होत्या. म्हणून ती कोंबडी अर्धलीनं द्यायला आली होती. म्हणजे कोंबडी आणि अंडी तिची, जागा आणि राखण माझी, पिल्लं मोठी झाली की निम्मी निम्मी. आमच्याकडे शेळ्या देतात तशीच कोंबडीही देतात. कागद नाही, सही नाही.

मी तिला खरं ते सांगितलं. कॉलनीवाले कोंबड्या काढा म्हणून मागे लागलेत.

"एकवीस दिवस सांभाळा," ती म्हणाली. "मंग काय व्हायचं ते होवू द्या. माझी अमानत हाय समजा."

मी हो म्हणाले. माझाही स्वार्थ होता. कोंबडा गेल्यापासून माझ्या कोंबड्यांची अंडी खायचीच होती, त्यांतून पिल्लू निघणार नव्हतं. दोन्ही परसांत मिळून जीव धरायचा तो ह्या तेरा अंड्यांनीच.

टोपलीत राख, राखेवर गव्हाचं काड, विजेच्या कडकडाटाने अंडी गाबडून नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा, आणि दिवेलागणीला आपाने स्वतःच्या हाताने कोंबडी बसवली. तेरा अंडी, कारण अंडी कधी जोडीने मांडत नाहीत. दुसऱ्या कोंबडीने मध्ये घातलेलं अंडं ओळखू यावं म्हणून कोळशाची खूण करतात. मी बॉलपेनने एक ते तेरा नंबर टाकले. आपा बघत राहिली. "हजेरी घेनार का काय?" म्हणाली.

आठव्या दिवशी कोंबड्या काढा म्हणून कॉलनीची नोटीस आली. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. दहाव्या दिवशी कळलं, महापालिकेत तक्रार गेलीय आणि दोन दिवसांनी तपासणीला माणूस येणार. आणि बाराव्या दिवशी मी असं काही केलं की आठवलं तरी अजून कान तापतात.

ज्याने जन्मभर शाळेत तपासणी बघितली त्यालाच हे समजेल. साहेब येणार म्हटलं की आम्ही शिक्षक काय करायचो? मोडका बाक मागच्या खोलीत टाकायचो. फुटका माठ झाकायचो. कच्च्या पोराला सांगायचो, बाळा, उद्या घरीच रहा. एकतीस वर्षांची ती खोड हाडात भिनलेली. त्या सकाळी उठले, अंगण झाडलं, खुराड्याला चुना मारला, आणि ती टोपली कोंबडीसकट उचलून गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली. वरून कडी लावली. "दिसायलाच नको," असं ह्यांना म्हणालेसुद्धा.

तासाभराने बघायला गेले तर कोंबडी टोपलीबाहेर, दाराशी डोकं आपटत होती. अंड्यांना हात लावला, तर कोमट होती, निवत चाललेली. साऱ्या जन्मात मी कुणाशी एवढी लबाडी केली नव्हती. कोंबडा दिला तेव्हा मी एकदा वाकले होते. आता तर मी आपण होऊन, कुणी न सांगता, अख्खी अमानत अडगळीत कोंबली होती. ती का, तर साहेबाला दिसू नये!

मी टोपली उचलली आणि तडक खाली आणली. होती त्या कोपऱ्यातसुद्धा ठेवली नाही, परसाच्या दारात, येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी ठेवली. वरून पोतं टाकून अंधार केला आणि शेजारी पाट घेऊन बसले. हे म्हणाले, "अगं, तो येईल आता." मी म्हणाले, "येऊ दे. उघडं ठेवा गेट." पाऊण तास ती कोंबडी टोपलीभोवती कटकट करत फिरली. मग एक पाय आत टाकला, चोचीने अंडी पोटाखाली ओढली आणि बसली. मी बसल्या जागी रडले, आणि त्याची मला लाज नाही.

महापालिकेचा माणूस आला तेव्हा मागे अध्यक्षही होते, हातात फाइल. माणूस शिरूर अनंतपाळकडचा निघाला. त्याने खुराडं बघितलं, नाक वर करून वास घेतला, नाली बघितली. मग टोपलीवरचं पोतं हळूच उचललं. कोंबडीने अंग फुलवून त्याच्या हातावर चोच मारली. तो उकिडवा बसला.

"कितवा दिवस हाय बाई?"

"बारावा."

"बघा काय ते, आजच हलवून टाका," अध्यक्ष म्हणाले.

त्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, बसलेली कोंबडी उठवत न्हाईत. तुमच्या गावाकडं उठवतेत का?"

अध्यक्षांचं गाव आमच्यापासून लांब नाही. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी हातातली फाइल मिटली. माणसाने कागदावर लिहिलं, जागा स्वच्छ आढळली, दुर्गंधी नाही, आणि पोतं होतं तसं नीट टाकून निघून गेला.

मी लढाई जिंकले असं कुणी समजू नये. कॉलनीत दोन महिने निम्म्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मागच्या दाराने स्टीलचा डबा मात्र येत होता आणि मी तो भरून देत होते.

एकविसाव्या दिवशी पोतं उचललं तर आतून चिवचिवाट. तेरांतली अकरा निघाली. चार नंबर आणि नऊ नंबर गैरहजर. आपाला निरोप धाडला, ती पेटी तशीच टाकून पळत आली आणि पिल्लांच्या उघड्या माना बघून तोंडाला पदर लावून हसत सुटली. पुढे एक घारीने नेलं, एक मुंगसाने. नऊ वाढली.

वाटणीच्या दिवसापर्यंत तिची भिंतही उभी राहिली होती. तिची कोंबडी तिला, चार तिला, चार मला. राहिलं एक. वरचं पिल्लू कोंबडीच्या मालकाचं, अशी रीत आहे. मी ते उचलून तिच्या टोपलीत घातलं. तिने ते काढून माझ्या ओट्यावर ठेवलं. तुरा लाल व्हायला लागला होता, पाय जाड. कोंबडा होता.

"रीत उलटी होतेय आपा," मी म्हणाले.

"रीत मला शिकवू नका बाई. तुम्ही बुकं शिकवत व्हता तवापासून मी कोंबड्या पाळती. ह्यो तुमचा. आता ह्याला पिशवीत घालू नका म्हंजे झालं."

मे महिन्यात एका पहाटे तो भिंतीवर चढला. शेजारचा बोका आधीच दूर सरकून बसला होता. उघडी मान ताणून त्याने आवाज काढला तो अर्ध्यातच फाटला. त्याने पुन्हा मान ताणली. तिसऱ्यांदा मात्र अख्खी कॉलनी उठेल असा खणखणीत आरवला. मी चहाचं आधण ठेवता ठेवता हसत होते.

सात वाजता फिरायला निघालेले अध्यक्ष गेटशी थांबले. "मॅडम, कोंबडा गेला होता ना?"

"तो गेला," मी म्हणाले. "हा जाणार नाही."

त्यांनी सवयीने ह्यांच्याकडे बघितलं. हे झाडांना पाणी घालत होते. जन्मभर कुणाला तोंडावर नाही न म्हणालेला माणूस. हातातला पाइप खाली ठेवून ते गेटपाशी आले.

"पिशवी फाटली, साहेब," ते म्हणाले आणि गेट लावून घेतलं.

पिशवी आत खुंटीला लटकत होती, धडधाकट.