डाव्या गालाची सुट्टी

त्या दिवशी सकाळपासून आभाळ झाकोळलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वाराही पडलेला. अशा दिवशी प्लास्टर लवकर वाळत नाही. एक हात मारला की दुसऱ्या हातासाठी बसून राहावं लागतं, आणि बसलेला गवंडी बोलतो. लोक मला विचारतात, मारोतीमामा, शाळेत तर तुम्ही गेला नाहीत, मग एवढे किस्से आणता कुठून? आणायचे कुठून! चाळीस वर्षं भिंती वाळायची वाट बघितली, तेवढ्यात जमले.

तर त्या दिवशी आम्ही लातूरला एका होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर जेवायला बसलो होतो. आमची टोळी चौघांची. मेहबूब मिस्त्री अहमदपूरचा, तो आमचा म्होरक्या. काशिनाथ शिरूर अनंतपाळचा, मी देवणीकडचा, आणि माल कालवून द्यायला शेवंताबाई. मिस्त्रीनं भाकरीला ठेचा लावला, जिभेला टेकवला आणि परत खाली ठेवला.

शेवंताबाई म्हणाली, "काय मिस्त्री, ठेचा कुणासाठी राखून ठेवला?"

तो म्हणाला, आज तिखट झालाय.

"सात वर्षं ह्याच हातचा खाऊन राहिले, आन आजच तिखट झाला?"

आम्ही हसलो. मिस्त्रीही हसला, पण अर्ध्याच तोंडानं. ते हसणं माझ्या ध्यानात राहिलं. ही सगळी गोष्ट त्याच्या तोंडाचीच आहे, पण आधी माणूस कळायला पाहिजे.

*

आमची टोळी जमली ती भूकंपानंतर. औशाच्या पुढं नवी गावं वसवून राहिले होते, तिथं गवंडी कमी पडत होते. घरं एकसारखी, रांगेत. पण ज्यांच्यासाठी बांधली ते लोक आत जायला तयार नसत. दारात बसून स्वयंपाक करायचे, छपराकडं बघत.

एक म्हातारी होती, तिनं तर किल्ली घ्यायलाच नकार दिला. साहेब लोक येऊन समजावून गेले, सिमेंट कसं, लोखंड कसं. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. शेवटी तिनं मेहबूब मिस्त्रीला बोलावलं. म्हणाली, तू बांधलंस ना? मग आधी तू झोपून दाखव.

मिस्त्रीनं दुपारी भाकरी खाल्ली, त्या घरात गेला आणि फरशीवर आडवा झाला. म्हातारी बाहेर दगडावर बसून राहिली. मिस्त्रीचं घोरणं ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दोन तासांनी तो डोळे चोळत बाहेर आला.

म्हातारी उठली, गाठोडं काखेत घेतलं आणि म्हणाली, "ह्या घोरण्यानं न्हाई हालली, तर आता कशानं न्हाई हालायची."

*

मिस्त्रीची एक पद्धत होती. दिवसातनं चार वेळा तो तंबाखू मळायचा. चुना लावून, अंगठ्यानं घोळून, वर दोन थापा मारायचा आणि तळहात पुढं करायचा. पहिली चिमूट आम्हाला, उरलेली स्वतःला. आमच्याकडं मळलेल्या तंबाखूला नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर समोरचा विचारतो, "काय चुकलं का भाऊ माझं?"

त्यामुळं रुसवा झाला की तोही तळहातावरच मिटायचा. एकदा काशिनाथ आणि मिस्त्री ओळंब्यावरून भांडले. भिंत सरळ का वाकडी, ह्यावर दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तंबाखू मळली आणि तोंड दुसरीकडं करून हात तेवढा काशिनाथसमोर धरला. काशिनाथनं चिमूट घेतली, गालात ठेवली आणि म्हणाला, "भिंत वाकडीच हाय. पण तंबाखू चांगली हाय."

*

पुढं लातूरला क्लासेस वाढले. बाहेरगावची पोरं यायला लागली, तशा खोल्या, हॉल, होस्टेल. आम्हाला दम खायला फुरसत नव्हती. अशात एका क्लासच्या सरांनी बोलावलं. हॉलच्या भिंतीला प्लास्टरचा फुगा आला होता, ताटाएवढा. सर म्हणाले, एवढंच पाडा आणि करून द्या, उद्या पोरांची टेस्ट आहे.

मिस्त्रीनं थापी उलटी धरली आणि तिच्या मुठीनं फुग्याच्या भोवती ठोकत गेला. कान लावून. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, धरलेलं प्लास्टर ठक्क वाजतं आणि सुटलेलं ठब्ब. दिसायला दोन्ही सारखंच. फुग्याच्या हातभर पुढं गेला तरी ठब्ब. खिडकीपर्यंत गेला तरी ठब्ब. मिस्त्री म्हणाला, सर, ओल आतून फिरलीय. सगळं काढावं लागंल.

सरांना वाटलं, हा काम वाढवून राहिला. ते म्हणाले, जिथं खराब आहे तिथलं काढा, चांगल्याला हात लावू नका. आम्ही ताटाएवढं करून दिलं.

दोन महिन्यांनी बोलावणं आलं. फुग्याच्या शेजारचा मोठा पोपडा ऐन तासाला खाली आला होता. नशीब, त्या बाकावर कुणी नव्हतं. सर तापले होते, म्हणाले, असलं काम करता काय तुम्ही?

मिस्त्रीनं आधी वर बघितलं, मग सरांकडं. "आमचं हाय की सर जागेवर. पडलं ते तुमचं चांगलं."

*

आता पुन्हा ठेच्याकडं येतो. मिस्त्रीला विचारलं तेव्हा त्यानं गाल बाहेर ओढून दाखवला. डाव्या गालात, जिथं तो तंबाखू ठेवायचा, तिथं पांढरा चट्टा होता. चुन्याचा हात फिरवल्यासारखा, पुसला तरी न निघणारा.

मग आम्ही चौघांनी मिळून डॉक्टरकी केली. शेवंताबाई म्हणाली, पोटातली उष्णता हाय, ताक प्या. मी म्हणालो, दाढ घासत असंल. काशिनाथचं डोकं सगळ्यात चांगलं चाललं. तो म्हणाला, मिस्त्री, डाव्या गालावर लई वर्षं काम पडलंय. त्याला सुट्टी द्या, आन उजव्या गालाला कामाला लावा.

आम्हाला सगळ्यांना ते पटलं! मला तर लईच पटलं. त्या दिवसापासून मिस्त्री तंबाखू उजव्या गालात ठेवायला लागला. कुणी विचारलं, मिस्त्री, डावा गाल कसाय, तर तो म्हणायचा, "मजेत हाय. बसून खाऊन राहिलाय."

ही सुट्टी वर्षभर चालली. ठोकून बघणारी माणसं आम्ही. पण आमच्यातल्या एकालाही त्याच्या तोंडाच्या बाबतीत ते सुचलं नाही.

*

वर्षानं चट्ट्यात गाठ लागायला लागली, तेव्हा मी त्याला एस्टीत घालून नांदेडला नेलं. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. मिस्त्रीनं बोट घालून दाखवलं, इथं. तिनं ती गाठ बघितली आणि मग दुसरीकडंच बघत बसली. उजवा गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. हातमोजा घातलेलं बोट हळूहळू सगळीकडं फिरवलं.

मिस्त्री वैतागला. म्हणाला, दुखतंय इथं आन मॅडम बघून राहिल्या तिथं.

तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "चाचा, तंबाखू तुम्ही एका कोपऱ्यात ठेवत होता, पण रस सगळ्या तोंडात फिरत होता. सगळी कातडी तीस वर्षं तोच रस पीत आलीय. गाठ एका जागी आलीय, पण शेजारची कातडी दिसायला साधी असली तरी आतून बदललेली असू शकते. पुढचं दुखणं तिथून उठतं. सगळेच चट्टे कॅन्सर होत नाहीत. पण कुठला होईल, ते नुसतं बघून कळत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो."

मिस्त्रीनं बोटानं गालावर टकटक केलं. मग म्हणाला, "पोकळ वाजतंय म्हणा की."

तिला कळलं नाही. मग मी तिला क्लासच्या भिंतीचा किस्सा सांगितला, ठक्क आणि ठब्ब सगळं. बाहेर पेशंटची रांग लागली होती, तरी तिनं पूर्ण ऐकला. पुढच्या खेपेला आम्ही बाकावर बसलो होतो, तर आत ती दुसऱ्याच माणसाला सांगत होती, "भिंतीचं प्लास्टर कसं असतं बघा काका..."

मिस्त्री मला कोपर मारून म्हणाला, "गवंडी झाली बघ पोरगी."

*

तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन ठरलं. मॅडमनी सांगितलं, गाठ तर काढायचीच, पण तिच्या भोवतीची चांगली दिसणारी कातडीही काढावी लागेल. आणि पुढं दर तीन महिन्यांनी येऊन सगळं तोंड दाखवायचं.

मिस्त्री म्हणाला, "जेवढं बिघडलंय तेवढंच काढा ना मॅडम. चांगल्याला कशाला हात लावता?"

मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मिस्त्री, आज तू त्या सरांसारखं बोलून राहिलास."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं हात केला आणि म्हणाला, पेन द्या. कागदावर उर्दूत सही केली. त्याला उर्दूत सही येते, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

*

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी तो कामावर आला. गाल आत गेलेला, बोलणं जड झालेलं. तंबाखू सुटली होती. पण आमची पंचाईत झाली. त्याच्यासमोर मळायची कशी? मग मी आणि काशिनाथ, नातवंडं झालेली माणसं, पाण्याच्या टाकीमागं जाऊन मळायला लागलो. काशिनाथ म्हणायचा, मी बापाला भ्यालो न्हाई आन इथं लपून राहिलो.

शेवंताबाईनं चुगली केली. मिस्त्री टाकीमागं आला. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. पण तो समोर उकिडवा बसला, दोन बोटांनी गाल बाजूला केला आणि तोंड उघडून दाखवलं. आम्ही बघितलं. जेवढा वेळ आम्ही बघितलं तेवढा वेळ त्यानं उघडं ठेवलं.

मग तो उठला आणि म्हणाला, "माल वाळून राहिला. चला."

*

त्यानंतर मी तंबाखू सोडली. काशिनाथला अजून दोन वर्षं लागली.

पुढं काम थकलं. लातूरच्या कडेला मी आणि मिस्त्रीनं लागून घरं बांधली, म्हातारपणी शेजारी झालो. तीन-तीन महिन्यांनी आम्ही नांदेडला जायचो. मॅडम बोट फिरवायच्या, म्हणायच्या, ठीक आहे चाचा. आम्ही परत यायचो.

एका खेपेला बोट उजव्या गालात थांबलं. तिथं लालसर ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मिस्त्रीला दुखत नव्हतं, कळतही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, लवकर सापडलंय चाचा, हे चांगलं झालं. दोन दिवसांत या, तुकडा काढून बघू. मग माझ्याकडं वळल्या, "मामा, तुम्ही पण या खुर्चीत. तुम्हीही तीच तंबाखू खाल्लीय ना?" मी म्हणालो, मला काय झालंय, मी आपला सोबतीला आलोय.

एस्टीत मिस्त्री अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "मारोती, आता पुन्हा न्हाई. एकदा कापलं. बस्स झालं."

दोन दिवस झाले, चार झाले. त्याची बायको, म्हणजे आमच्या भाभी, रडल्या. लेक रागावला. मॅडमचा फोन आला तो त्यानं घेतला नाही. मला कुणाला समजावता येत नाही. मला वाट बघता येते.

पाचव्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, पिशवीत दोन भाकरी घेतल्या आणि त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. भाभींनी त्याची फाइल आणून माझ्या पिशवीत घातली आणि चहा दिला. मिस्त्री दारात आला, मला बघितलं, पिशवी बघितली आणि आत गेला. ऊन पायरीवर आलं तेव्हा मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. गल्लीतलं कुणी विचारलं, मामा, कुठं निघाले? तर मी म्हणायचो, नांदेडला, दवाखान्यात. ह्यात खोटं काही नव्हतं. समोरच्या बाईनं बसायला पाट आणून दिला. कुणी लिंबू दिलं, गाडीत मळमळंल म्हणून. एक जण म्हणाला, मामा, मी नेऊ का मोटरसायकलवर? मी म्हणालो, नको, सोबत आहे.

आठव्या दिवशी दार उघडलं. मिस्त्री अंघोळ करून, पांढरा कुडता घालून, डोळ्यांत सुरमा लावून बाहेर आला. रागानं लाल झाला होता. पायात चप्पल सरकवत म्हणाला,

"सारी गल्ली मला शिव्या घालून राहिली. म्हातारा आठ दिवस दारात बसलाय, त्याला दवाखान्यात न्यायला कुणी न्हाई, आन तू कसला शेजारी म्हणते. चल, ऊठ. तुला दाखवून आणतो."