गरुड, बगळा आणि आई

भाट्याच्या खाडीला लागून आमचं माडा-पोफळींचं आगर होतं. १९३० च्या आगेमागे मी गावातल्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो, आणि सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून वडिलांशी वाद घालणं हा माझा आवडता उद्योग होता. वाद ठरलेला: समुद्रगरुड मोठा की बगळा?

माझा गरुड. पांढरंशुभ्र पोट, राखी पंख. पंख न हलवता तो असा वर चढे, की बघता बघता मान दुखून यावी. मग एकदम खाली येई आणि पाण्याला पाय लागतो न लागतो तोच मासा उचलून चालता होई. वडिलांचा बगळा. "झडप काय, कोणीही घालील," ते म्हणत. "चिखलात तासभर तसा उभा राहून दाखव. पाणीसुद्धा हलत नाही त्याच्याभोवती." खरं तर तो बगळा मलाही मनातून आवडे, पण वडिलांपुढे कबूल कोण करणार!

एका सकाळी कावळ्यांनी गरुडाचा पिच्छा पुरवला आणि त्याच्या नखांतला मासा सुटून थेट आमच्या माडाच्या आळ्यात पडला. शिंपणं नुकतंच झालेलं, आळं पाण्याने भरलेलं. मासा जिवंत! कुठला, ते आमच्या शाकाहारी घरात कोणाला ठाऊक असणार? आई धावत आली. "तडफडतोय हो! जगायला हवा," म्हणाली. पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, तिने पाणी घेतलं आणि जन्मात कधी माशाला न शिवलेल्या हातांनी त्याला उचलून आत ठेवलं. मग ती खाडीकडे निघाली. विरीतलं पाणी सांडत होतं, तशी तिची पावलं भराभर पडत होती. आम्ही दोघे वाद विसरून तिच्या मागोमाग.

काठावर तिने विरी कलती केली. मासा क्षणभर तिच्या हातालगत थांबला, मग शेपटी हलवून निघाला. आईला कोण आनंद झाला! तेवढ्यात काठच्या कांदळाच्या झुडपांआडून बगळ्याची मान लांब झाली, लवली आणि पुन्हा सरळ झाली. मासा गेला. इतकं नेमकं, की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. वडीलही काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची नजर आईकडे गेली.

"त्याने आणलंन, ह्याने गिळलंन," ती म्हणाली, "आणि मी मेली मधली हमाल!" तिचं तिलाच हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि ओले हात कितीतरी वेळ पदराला पुसेना.