जावेला गुण आला, मला नाही

देवावर माझा राग नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग होता, आणि त्याहून जास्त धाकट्या जावेचा मत्सर होता. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून आम्हा दोघींच्याही नसा दबलेल्या. एकाच घरातल्या दोन जावांना एकच दुखणं यावं, याची शिरूर अनंतपाळला आमच्या गल्लीत चेष्टाही झाली. दोघींनी लातूरच्या एकाच डॉक्टरांकडून मणक्यात इंजेक्शन घेतलं. तिला आठवड्यात आराम पडला. मला दोन दिवस बरं वाटलं आणि मग पाय पुन्हा मुंग्या येऊन जड झाला. ती पाण्याची घागर उचलू लागली, मी भिंत धरून न्हाणीत जाऊ लागले.

घागरीचंही मी सोसलं असतं. सोसवेना ते तिचं सकाळी पूजेला बसणं. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म आणि बेलाचं पान वाहायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडे पाहत बसायचं, ही आमची रोजची पूजा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती कधी चुकवली नव्हती. पण आता मांडी घालता येईना, खुर्चीवरही फार वेळ टेकवेना, आणि आडवं पडून देव हातात घेणं मला पटेना. पाय पसरून का कुणी पूजा करतं? म्हणून डबी गळ्यात तशीच बंद राहिली. जाऊ मात्र पाटावर ताठ बसायची. पूजेतलं सगळं मीच तिला शिकवलेलं. खाटेवरून तिची ती सरळ पाठ बघितली की पाठीपेक्षा माझ्या पोटातच जास्त दुखायचं. एका सकाळी तर मी छातीवरची डबी मुठीत धरून म्हटलं, मला देत नसशील तर तिचंही काढून घे. म्हटलं आणि लगेच घाबरले. पण शब्द मागे घेतले नाहीत.

दुसरं इंजेक्शन ठरलं तेव्हा सोबत तीच आली, कारण आमच्या ह्यांना दुकान बंद ठेवता येईना. गाडीत माझ्या कमरेमागे उशी सारत ती म्हणत राहिली, "अक्का, ह्या खेपेला तुम्हालाबी गुण येतोय बघा." ज्याला गुण आलाय त्याने दिलेला धीर ऐकायला किती जड जातो, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीबाहेर सिस्टरने अंगावरचं सोनं-चांदी सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. डबीपाशी हात थांबला. लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासूनचं सांगणं. पहिल्या वेळी मी डबी निमूट काढून पिशवीत ठेवली होती, आणि तेवढ्यासाठीच गुण आला नाही असं मनाने घेतलं होतं. जावेने तिच्या वेळी काय केलं, हे मी कधी विचारलं नाही. तिनेही काढली असती तर माझ्याकडे कारणच उरलं नसतं! आता मी डबी घट्ट धरून बसले. सिस्टर चिडली आणि मला रडू फुटलं.

शेजारच्या खाटेवर भोकरची एक म्हातारी आपल्या नंबराची वाट बघत होती. तिचंही हेच दुखणं, हेच इंजेक्शन. ती तिथूनच बोलली, "आवं सिस्टर, सुई पाठीत मारायची, मंग हाताचं काय काम हाय तुमाला? डबी घ्या काढून, आतला देव राहू द्या की तिच्या हातात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्यात देवबिव न्हाई बघा बाई, आमी बुद्धाचे. पर जीव गुतला की गुतलाच. रडून नका राहू." सिस्टर आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. माझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून तिने वरून गॉजची पट्टी सैल गुंडाळली.

आत मला पालथं झोपवलं. डावा हात तोंडापाशी आला. कमरेवर गार औषध फिरलं आणि सुई शिरली तशी पायापर्यंत कळ गेली. डोळे उघडले तर गॉजच्या विरळ जाळीतून लिंग दिसत होतं, वीतभर अंतरावर. किती महिन्यांनी ते माझ्या तळहातावर होतं, आणि मी तर पाय पसरून पालथी पडले होते. त्याची काही तक्रार दिसली नाही. एवढं मागायचं ठरवून आले होते, त्यातलं काहीच आठवेना. नुसती बघत राहिले. डॉक्टर "झालं" म्हणाले तेव्हा इतक्यात कसं झालं, असंच मला वाटलं.

मी बाहेर आले तोवर त्या म्हातारीला आत न्यायची घाई चालली होती. तिचं नावही विचारायचं राहून गेलं.

दुखणं निम्मं गेलं, निम्मं आहे. मांडी आजही घालता येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी खाटेवर कुशीवर पडूनच पूजा सुरू केली. भस्म आणि बेल जाऊच आणून देते. परवा पूजा उरकून मान उचलली तर ती पाट सोडून माझ्याकडे बघत उभी. म्हणाली, "अक्का, खरं सांगू? जळते मी तुमच्यावर. दुखायचं तवा पूजेत मला देवाबिगर काई दिसायचं न्हाई. आता लिंग हातावर असतंय अन् ध्यान चुलीवरच्या दुधावर."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चांगला घटकाभर झाला. मग तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला हसू आलं, माझं बघून तीही हसली. मी जरा सरकून तिला खाटेवर जागा केली. त्या सकाळी म्हटलेले शब्द मी तेव्हा मागे घेतले, मनातल्या मनात, ती शेजारी बसलेली असताना.

भोकरच्या त्या माउलीला आराम पडो, एवढं रोज म्हणते. स्वतःसाठी मागायचं सोडलंय. सकाळी तळहात उघडते. मला बसता येत नाही, तो येऊन बसतो.