बुकित बातोकमध्ये विचारलं, ‘किती सुटतात?’

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताईने सिंगापूरहून फोनवर दरडावलं, "येतेस की मी रुसू?" आणि मी निघाले. डोंबिवलीत मी घरी चकल्या करून विकायचे, त्यातले साठवलेले पैसे तिकिटात गेले. निघताना दुसरीतल्या माझ्या मुग्धाने शेजारच्या काकूंना ऐकवलं, "आईला किलोमागे पंधरा रुपये सुटतात!" असा चिमटा काढला तिला! घरचं गावभर कशाला?

ताईचा फ्लॅट बुकित बातोकला, तेराव्या मजल्यावर. जाणाऱ्यांनी एमआरटीच, म्हणजे तिथली मेट्रोच धरावी, टॅक्सीच्या भानगडीत पडू नये. सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, गरम प्राटा (आपला पराठाच) आणि रस्सा खावा, स्वस्त आणि पोटभर. भाचा तिथल्या ढंगात म्हणाला, "मावशी, नॉट स्पायसी ला!" आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी.

शेजारच्या घरात मिलेना नावाची बल्गेरियन बाई खोली घेऊन राहत होती. तिकडची कम्युनिस्ट राजवट गेल्यावर छोट्या धंद्यांसाठी परदेशी पैशातून एक निधी निघाला होता. त्यानेच तिला इथे धंदा शिकायला पाठवलेलं. शुक्रवारी निधीच्या लोकांना पटवलं तर गावी स्वतःच्या बेकरीसाठी कर्ज, नाहीतर हात हलवत परत.

"एका पावामागे नफा किती, एवढंच तिला सांगता येत नाही," ताई म्हणाली. "तोंडच उघडत नाही गं."

एवढंच ना? यात तर आपण पक्के! गुरुवारी दुपारी मी तिच्या खोलीत ठाण मांडलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, "एका पावामागे किती सुटतात?"

ती उठली. त्या उकाड्यात तिने खिडकी लावली, मग दार लावलं, आणि माझ्या कानाशी येऊन आकडा कुजबुजली. मला हसूच फुटलं. "अगं, तेराव्या मजल्यावर कोण ऐकतंय?"

"मी दुसरीत होते," ती म्हणाली. "बाईंनी विचारलं, बाबा संध्याकाळी काय करतात? मी ऐटीत सांगितलं, घरी पाव भाजून विकतात, इतका नफा होतो. त्याच आठवड्यात त्यांना पकडून नेलं. नफेखोर म्हणून. स्वतःचा धंदा हाच तेव्हा गुन्हा."

"कधी सुटले?"

"नाही सुटले. तुरुंगातच गेले."

देवा रे! दुसरीतली पोर! डोळ्यांसमोर मुग्धाच आली. दिवसातून दहादा वापरतो तो शब्द आपण. पैसे सुटतात, माणसं सुटतात. हिचे बाबा मात्र सुटले नाहीत.

मी उठले, खिडकी सताड उघडली आणि जीव खाऊन ओरडले, "मला किलोमागे पंधरा रुपये सुटतात!" मराठीत, मग इंग्रजीत. खालच्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालणाऱ्या चिनी आजीने वर पाहिलं आणि पुन्हा कपडे झटकायला लागली. मिलेना मात्र कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली.

शुक्रवारी ताई आणि मी निधीच्या तिथल्या ऑफिसखाली ताटकळत उभ्या होतो. मिलेना बाहेर आली ती पांढरीफटक.

"सांगितलास आकडा?" मी विचारलं.

"मोठ्याने. कर्ज मिळालं." आणि लिफ्टपाशीच ती मटकन बसली. "त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच गोष्टीसाठी टाळ्या!"

आम्ही दोघींनी तिला हात देऊन उठवलं.

सिंगापूरच्या उंच इमारती, ते चकचकीत रस्ते आता पुसट झालेत. घरी पोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. मुग्धा धावत आली, "काकू, आईला किलोमागे..." आणि चिमटा आठवून मध्येच गप्प झाली. घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

मी तिला जवळ ओढलं. म्हटलं, "सांग गं बाई. मोठ्याने सांग."