गोळी घेतलंस काय?

“पोटात दुखता माझ्या, पोटात! डोक्यात नाय!”

गॅलरीत उभी राहून इंदूमावशी ओरडत होती. आणि तिचं ओरडणं म्हणजे डिलाईल रोडवर तोंड उघडलं की माटुंग्यातल्या बायकांनी दचकून कुकर उतरवावेत. गणपतीत मांडवाचा माईक बंद पडला की मंडळवाले वायरमनला नाही, मावशीला बोलवायचे. त्या दिवशीही अख्ख्या चाळीने तिचं ऐकलं. आतून तिचे भाऊ वसंतदादा शांतपणे म्हणाले, “इंदू, गोळी घेतलंस काय?”

नवरा गेल्यावर मावशी एकदा बिथरली होती, काही आठवडे इस्पितळात होती. तेव्हापासून रोज एक गोळी. ती तिने कधी चुकवली नाही. पण नळावर भांडली, ताप आला, पाय मुरगळला, तरी चाळीचा प्रश्न एकच: गोळी घेतलीस का?

वसंतदादांचा जीव होता बहिणीवर. ‘डॉक्टरांपासून काही लपवू नका,’ असं इस्पितळात कुणीतरी सांगितलेलं त्यांनी असं मनावर घेतलं, की दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा तिने आ करण्याआधीच दादा सांगून मोकळे, “हिची डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे हं.” पोटासाठी ज्या ज्या डॉक्टरकडे नेलं, तिथेही तेच. मग डॉक्टर पोटाला हातही न लावता हसायचे. “टेन्शन घेऊ नका, मावशी.” सोबत झोपेची गोळी.

“खोटं बोलूक माका टाइम नाय,” हे मावशीचं नेहमीचं वाक्य. आणि खरंच, जन्मात तिने थाप मारली नाही. ते खातं माझ्याकडे. गच्चीवर बिबट्या बघितला असं मी एकदा सांगितलं, तर चाळीने आठवडाभर कड्या लावून घेतल्या. मावशीच्या पोटावर मात्र कुणाचा विश्वास बसेना.

शेवटी ती माझ्याकडे आली. लुगडं सैल झालेलं, गाल बसलेले. “तू चाळीतलो एक नंबर थापाडो. दादाक नको, तू चल माझ्यावांगडा. आणि थंयसर तोंड उघडू नको. तीच तुझी थाप.”

दादरच्या डॉक्टरांसमोर मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो. त्यांनी पोट दाबून बघितलं, चेहरा बदलला, लगेच सोनोग्राफीला पाठवलं. रोजच्या गोळीचं नाव मावशीने नंतर स्वतःच सांगितलं. पण तोवर गाठ पडद्यावर आली होती, आणि तिला टेन्शन म्हणायची सोय उरली नव्हती.

त्या वर्षीचे गणपती मावशीने पाहिले नाहीत. मांडवात माईक बंद पडला तेव्हा कुणी कुणाला हाक मारली नाही.

मला आठवते ती भरती केली त्या दिवशीची. खाटेपाशी वसंतदादा फरशीकडे बघत उभे. सर्जनबाई रिपोर्ट वाचून चिडल्या, “एवढी वाढेपर्यंत गप्प राहिलात? आधी सांगायचं नाही का कुणाला?”

मावशी हळू आवाजात म्हणाली, “सांगत होते.”