मनगटावरचा थेंब

दवाखान्यात लसीच्या रांगेत माझ्या समोर एक तरुण आई बसली होती. एक बाळ तिच्या मांडीवर, दुसरं तिच्या आईच्या, जुळी. तिने थर्मासमधलं गरम पाणी बाटलीत घेतलं, डब्यातल्या चमच्याने सपाट मापून पावडर घातली, बाटली हलवून निववली आणि एक थेंब मनगटावर टाकला.

"वरचं दूध पाजतेस?" माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलंच.

"दोघांना माझं पुरत नाही हो, मावशी."

भिंतीवर त्याच पावडरीच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यातल्या आईची झोप छान झालेली दिसत होती. या दुधाने बाळ हुशार होणार, असंही खाली छापलं होतं. मला रागच आला. दमलेल्या बाईला कुणीतरी धीर द्यायला हवा असतो, आणि कंपनीला हे नेमकं ठाऊक असतं. पण डब्यात खरोखर काय भरलंय, हे ती बिचारी कुठे तपासणार?

न राहवून मी विचारलं, "चांगली आहे का गं ही पावडर?"

तिने पदराने मनगट पुसलं.

"मला एवढंच कळतं काकू, की पोळत नाही," ती म्हणाली आणि बाटली बाळाच्या तोंडाला लावली.