आसनक्षमता पाच

अजितने गाडीतून सगळ्यात आधी काढला तो पायाखालचा गालिचा. मला वाटलं, धुवायला काढला असेल. मग डिकीतला स्पेअर टायर काढला, मग जॅक, मग स्पीकर, मग रेडिओ. रेडिओ काढला तेव्हा मी विचारलं, "अरे, मग गाणी कुठे ऐकणार?" तर म्हणतो, "इंजिन ऐकणार." अशा माणसाशी लग्न होऊन मला एकोणीस वर्षं झालीत. तेव्हा माझं बोलणं कुठे तिखट लागलं तर समजून घ्या.

अजित परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, दिवसभर हेच. घरी आला की तेवढंही बोलत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सासूबाई म्हणायच्या, प्रिती, नशीब काढलंस हो. त्या गेल्या आणि वर्षभरात गाडी आली. हॉस्पिटलातले एक डॉक्टर कायमचे परदेशी निघाले होते. त्यांच्या आवारात ताडपत्रीखाली ती चार वर्षं पडून होती, इंजिन जाम, टायर जमिनीला टेकलेले. जाता जाता त्यांनी ही धोंड कोणाच्या तरी गळ्यात मारायची ठरवली, आणि ह्याने हसत हसत गळा पुढे केला.

गाडी जपानी, चार दरवाजांची, टर्बोवाली. कंपनीचं नाव मी घेत नाही, तो दिवसातून जेवढ्यांदा घेतो तेवढं पुरे. टर्बो म्हणजे काय ते त्याने मला भाकरी थापताना समजावलं होतं. इंजिनातून जो धूर वाया जातो, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फुकट जाणाऱ्या धुरातून ताकद! खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. रंग निळा. तो मूळचाच, पण चाळीत सगळ्यांना वाटलं की पोराने मुद्दाम निवडून आणली. अजितने कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

सहा महिने खपून त्याने ती चालू केली आणि पहिली नेली ती चैत्यभूमीला. पुढे माझे सासरे, राजाराम आबा. मागे मी आणि शेजारच्या मीराबाई, पांढरी साडी नेसून, सहा डिसेंबरला नेसतात तशी. नमस्कार करून परत निघालो. मीराबाईंनी वाटेत फुटाणे काढले, आबा गिरणीतले किस्से सांगत होते, मला तर वाटलं आता दर रविवारी अशीच चैन. आणि परळचा पूल चढताना अजित म्हणाला, "हलकी असती तर काय पळाली असती!" त्या एका वाक्यापायी माझी पुढची सहा वर्षं गेली.

तेव्हापासून दर रविवारी हा आणि त्याचा मित्र अभय, चाळीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ, गाडीखाली पाठीवर. सायलेन्सर बदलला. हवा थंड करायची मोठी जाळी बसवली. स्प्रिंगा इतक्या कडक केल्या की रस्त्यावर शेंगदाणा पडला असला तरी पाठीला कळावा. आणि एक झडप बसवली, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती फुस्स करते. ती फुस्स झाली की मीराबाई घरात आपल्या कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करायच्या. त्यांच्या घरी वर्षभर डाळ कच्ची राहिली आणि त्यांनी वर्षभर डाळीच्या दुकानदाराला शिव्या दिल्या.

अजितचं सगळं लक्ष वजनावर. जे काढेल ते खालच्या कांदेबटाटेवाल्याच्या काट्यावर मोजायचं आणि वहीत लिहायचं. मागची सीट काढली, बावीस किलो. ड्रायव्हरच्या शेजारची काढली, सोळा किलो. झाली गाडी एकट्याची! रविवारी सकाळी एकटाच खोपोलीपर्यंत जायचा आणि दहाच्या आत परत. तोंड असं उजळलेलं की मला नुसतं बघूनच राग यायचा. एकदा धूळ पुसताना ती वही उघडली. काढलेल्या सामानाची यादी होती. रेडिओ, जॅक, सीट, सीट, आणि खाली त्याच्या सुबक अक्षरात : आबा छप्पन्न, मीरामावशी एकाहत्तर, प्रिती चौसष्ट.

हद्द झाली! मी वही त्याच्या पुढ्यात आपटली. "मी काय जॅक आहे?"

"तसं नाही गं, ते गणित आहे. ताकद भागिले वजन..."

"भाग मला. भाग आणि बस एकटाच."

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो इतका कमी बोलतो की त्याला ते पाचव्या दिवशी कळलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की ही गाडी घराबाहेर जाईल त्या दिवशी मी पेढे वाटीन. दुखलं होतं मला, सरळ सांगते. बाईचं वजन लिहिलं म्हणून नाही. काढून टाकलेल्यांत लिहिलं म्हणून.

आता आमच्या चाळीत कोणी काही फेकत नाही. गाडीचे मूळचे पार्ट जुन्या चादरींत गुंडाळून आमच्या पलंगाखाली गेले. प्रत्येकाला चिठ्ठी, एक्स-रेच्या पाकिटाला लावतो तशी, नाव आणि तारखेसकट. मागची सीट मात्र पलंगाखाली मावेना. म्हणून ती "दोन दिवस" गॅलरीत भिंतीला लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर मीराबाई बसल्या आणि मग ती त्यांचीच झाली.

सहा वर्षं त्या सीटवर अख्खा मजला बसला. सकाळी मीराबाई भाजी निवडायला. दुपारी आबा, कारण मागावर उभं राहून राहून त्यांची कंबर गेलेली आणि ह्या जपानी सीटवर ती दुखत नाही म्हणे. संध्याकाळी बायका. दोन लग्नं त्या सीटवर ठरली आणि एक मोडलं. तिच्यावर हळदीचे डाग पडले, टिकल्या चिकटल्या, लसणाची सालं शिवणीत जाऊन बसली.

मग गाडीला पंधरा वर्षं भरत आली. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यायची. पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात, नाही तर रस्त्यावर काढायची नाही, भंगारात घाला. आणि पास व्हायला गाडी कागदावर आहे तशी दिसली पाहिजे. कागदावर स्पष्ट लिहिलेलं, आसनक्षमता पाच. मला हे केव्हाच माहीत होतं. कॅलेंडरवर त्या तारखेला मी पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवलं होतं.

अजितने रजा टाकली. पलंगाखालून एकेक पार्ट काढून पुन्हा बसवला. जुना सायलेन्सर, जुनी जाळी, जुन्या स्प्रिंगा, गालिचा, रेडिओ, पुढची सीट. उरली मागची. मीराबाईंना सरळ विचारायचं, तर ह्याची हिंमत होईना. ह्या शहाण्यांनी बेत काय केला? तर दुपारी, बायका पाणी भरायला गेल्या की सीट उचलायची. गेले दोघे, तर सीटवर आबा झोपलेले. अभय म्हणाला, "उठवू या?" अजित म्हणाला, "उठवलं तर ओरडतील. तसंच उचल." म्हणून बापासकट सीट उचलून ही दोन माणसं जिन्यावर! हे मी दारातून बघत होते आणि तोंडात पदर कोंबून हसत होते. पहिलं वळण आलं तेव्हा आबा डोळे न उघडता म्हणाले, "जरा डावीकडे घ्या, माझा गुडघा लागतोय."

अभयच्या हातून सीट सुटली. आबांना काही झालं नाही, पण त्यांनी जी बोंब ठोकली ती तळमजल्यापर्यंत गेली. मीराबाई भरलेली कळशी घेऊनच धावत आल्या.

"अज्या! बापाला विकायला काढलंस काय रे?"

"मावशी, फक्त सीट हवीय. उद्या तपासणी आहे."

"सीट आमची आहे."

"अहो, गाडीची आहे ती!"

"सहा वर्षं कुठे होती तुझी गाडी? ह्या सीटला कधी फडकं मारलंस?"

अजित माझ्याकडे आला. एकोणीस वर्षांत ह्या माणसाने मला कधी गळ घातली नव्हती. "प्रिती, तू सांग ना मावशींना. तुझं ऐकतील. गाडी भंगारात जाईल गं." त्याचे डोळे खरंच भरले होते. मी म्हटलं, "मी कोण सांगणार? मी तर यादीतली." बोलले आणि आतल्या आत जरा गारही वाटलं.

शेवटी मीराबाईंनीच निकाल दिला. सीट जाईल, पण तिच्यावर बसून त्या स्वतः आणि आबा जातील, आणि संध्याकाळच्या आत सीट जागेवर परत. अजितने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग मीराबाई माझ्याकडे वळल्या, "आणि तू पुढे बस. दोन म्हाताऱ्यांना सांभाळायला कोणी तरी नको?" दुसऱ्या दिवशी मीही निघाले. म्हटलं, ह्या निळ्या अवदसेचं शेवटचं बघून येऊ.

ताडदेवच्या आरटीओत इन्स्पेक्टर बाई होत्या, तरण्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी चासी नंबर पाहिला, दिवे पाहिले, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. अजितच्या कपाळावर घामाचे थेंब. मग त्या म्हणाल्या, "मागचे जरा खाली उतरा." आबा उतरले. मीराबाई ढिम्म.

"आजी, सीट बघायची आहे."

"बघ की. मी उतरले की हा सीट लंपास करतो."

अजितचं तोंड पांढरंफटक. बाईंनी वाकून मीराबाईंच्या बाजूने हात घातला, सीट हलवून पाहिली, पक्की होती. शिवणीतून लसणाचं साल निघालं. एक टिकली निघाली. त्यांनी ती बोटावर घेऊन पाहिली. "ही रोजच्या वापरातली आहे?"

"मग! सकाळी मी, दुपारी राजाराम, संध्याकाळी सगळ्या जणी."

बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरेच जण फक्त आजच्यापुरत्या सीटा लावून आणतात. तुम्ही सांगा मॅडम, ह्या गाडीत घरचे बसतात?"

आला की माझा क्षण! एक वाक्य आणि खेळ खलास. नाही हो, हा एकटाच बसतो, आम्हाला मोजून बाहेर काढलंय, असं एवढंच बोलायचं होतं. सहा वर्षं ते वाक्य मी घासूनपुसून ठेवलं होतं. अजित माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता आणि त्याने श्वास रोखून धरला होता, रोज लोकांना धरायला लावतो तसा. त्याच्या पाठीवर गाडीखालचं ऑइल होतं. चांगला शर्ट घाल म्हणून मी सकाळी सांगितलं होतं, तरी.

"बसतो ना," मी म्हणाले. "हे दोघं मागे. मी पुढे. दर रविवारी."

का बोलले, मला विचारू नका. माझं मलाच हसू आलं आणि रडूही. बाईंनी सही केली, पाच वर्षं दिली. मीराबाई तेव्हाच उतरल्या, तेही पाणी प्यायला.

परत येताना अजित गाडी इतकी हळू चालवत होता की मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर झोपला. शेवटी मीराबाई ओरडल्या, "अरे, ही पळते म्हणतात ती कधी?" समोर रस्ता मोकळा होता. त्याने पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, आबांची टोपी मागच्या काचेवर गेली आणि मीराबाईंनी आनंदाने अशी एक शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही. अजित हसला. मोठ्याने. मी त्याचं असं हसणं विसरूनच गेले होते.

संध्याकाळच्या आत दिलेला शब्द त्याने पाळला. मागची सीट सोडवून, एकट्याने उचलून, दोन मजले चढून गॅलरीत आणून ठेवली. मीराबाई लगेच बसल्या, शेजारी मला बसवलं. तिथून खाली पाण्याची टाकी आणि गाडी सरळ दिसते. अजित पाना घेऊन पुन्हा खाली गेला. आता पुढची सीट काढणार, हे मला पाठ होतं. त्याने दार उघडलं, वाकला, एका नटाला पाना लावला. मी मान फिरवली.

"अगं, बघ तरी," मीराबाई म्हणाल्या.

त्याने पाना काढून खिशात घातला होता. मग तो स्वतः त्या सीटवर बसला, माझ्या जागेवर, आणि तिथून पुढची काच, डॅशबोर्ड, बाजूचा आरसा असं सगळं नवीनच असल्यासारखं बघत राहिला. मग उतरला आणि फडक्याने ती सीट पुसायला लागला. अगदी शिवणीतूनसुद्धा. पुसून झाल्यावर दार उघडंच ठेवून तो आपल्या बाजूला जाऊन बसला. वर पाहिलं नाही. हाक मारणं त्याच्या रक्तातच नाही.

"जा," मीराबाई म्हणाल्या. "नाही तर दार उघडं ठेवून बसेल तिथेच."

मी गाऊनवरच होते, केस तसेच. ओढणी घेतली आणि जिना उतरले.